मोठा ट्राउट जाळ्याच्या तोंडाशी येऊनच का सुटतो?

प्रश्न असा आला आहे: "काका, मी खानापूरचा, सध्या नोकरीला बंगळूरात. लहानपणापासून मलप्रभेवर गळ टाकत आलोय. अलीकडं फ्लाय फिशिंग (पिसं-दोऱ्याचा नकली किडा, म्हणजे फ्लाय, लावून मासे धरणं) शिकलो आणि हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जाऊ लागलो. पाव-अर्धा किलोचे ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातले ठिपक्यांचे मासे, बिनबोभाट मिळतात. किलोच्या पुढचा लागला की सात-आठ मिनिटं झुंजतो, अंगावरचे ठिपके दिसण्याइतका जवळ येतो, आणि हातातलं दांड्याचं जाळं पुढं केलं की सुटतो. कधी तंगूस (गळाची बारीक नायलॉनची दोरी) तुटतं, कधी नुसता गळ रिकामा परत येतो. यात नशीब किती आणि माझा हात किती? आणि आपल्या बेळगाव भागात राहून याचा सराव कसा करायचा?"

नशीब आहे, खरं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात संपतं. गळ ओठाच्या पातळ कातडीत रुतला की जबड्याच्या कोपऱ्यात, हे तुझ्या हातात फारसं नसतं. सात-आठ मिनिटं मासा गळावर राहिला याचा अर्थ गळ नीट बसला होता. त्यानंतर सुटला तर तो हातामुळं सुटला. आणि कुठं चुकतंय ते तुझ्याच आकड्यात आहे. किलोभराच्या ट्राउटला पाच नंबरच्या (हलक्या) काठीवर सात-आठ मिनिटं लागायला नकोत, तीन-चार मिनिटांत तो जाळ्यात यायला हवा. तुझा वेळ जातोय कारण मासा लांब असताना तू तंगूस तुटेल या भीतीनं जपून धरतोस, आणि तो जवळ दिसला की 'आता आलाच' म्हणून जोर लावतोस. हे बरोबर उलटं करायला हवं. मासा लांब असताना कडक राहायचं आणि काठीभर अंतरावर आला की मऊ व्हायचं. बाकी जे लिहितोय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

ही सवय कुठून आली तेही सांगतो, कारण आपल्या भागातल्या बहुतेक पोरांचा हात असाच तयार झालेला असतो. आपण मरळीवर शिकलो. बांबूची काठी, जाड तंगूस, गळाला बेडकी. मरळीनं ओढलं की तिला थोडं गिळू द्यायचं, मग एक हिसडा आणि मासा थेट काठावरच्या गवतात. मरळीसाठी ही रीत योग्यच आहे. ती एकदा जलपर्णीत किंवा झाडाच्या मुळांत शिरली की हाती काही लागत नाही, म्हणून शेवटी जोर करावाच लागतो. आणि तिथलं तंगूस ०.४० मिलिमीटरचं असतं, आठ-दहा किलोचा ओढा सहज सोसणारं. ट्राउटला तू जे लावतोस ते ५-एक्स म्हणजे ०.१५ मिलिमीटर, कंपनीप्रमाणं दोन-सव्वादोन किलो सोसणारं. पहिल्यापासून नाजूक तंगूस म्हणून तू घाबरून खेळवतोस, आणि मासा पायाशी आला की जुना मरळीचा हात जागा होतो. मन हिमाचलात असतं, मनगट खानापुरात.

आता शेवटच्या काठीभर अंतरात नेमकं काय होतं ते समजून घे. नायलॉनचं तंगूस तुटायच्या आधी ताणलं जातं, साधारण आपल्या लांबीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत. फ्लायची जाड दोरीही थोडी ताणते, आणि पाण्यात पडलेली वीस मीटर दोरी पाण्याशी घासत हळूहळू सरळ होते. मासा लांब असताना त्यानं अचानक झटका दिला तर हे सगळं मिळून तो झटका पोटात घेतं. मासा काठीच्या टोकापासून दीड मीटरवर आला की पोटात घ्यायला उरतं फक्त ते दीड मीटर तंगूस आणि काठीचा शेंडा. काठीही तेव्हा तू डोक्याच्या मागं नेलेली असतेस, म्हणजे तिचा वरचा बारीक भागच वाकलेला असतो. नेमक्या त्याच क्षणी माशाला तुझे पाय किंवा जाळं दिसतं आणि तो पूर्ण ताकदीनं वळतो. तोच झटका पंधरा मीटरवर बसला असता तर काहीच झालं नसतं. दीड मीटरवर तो तंगूस तोडतो, नाहीतर गळाभोवती एव्हाना सैल झालेल्या भोकातून गळ निसटतो. तुझे दोन्ही प्रकार, तुटलेलं तंगूस आणि रिकामा गळ, याच एका क्षणाचे आहेत.

आणखी एक गैरसमज काढून टाक. दोन किलो सोसणाऱ्या तंगुसावर दोन किलोचाच मासा येईल, असं काही नाही. पाण्यात माशाला वजन जवळजवळ नसतंच. तंगुसावर जो भार येतो तो झटक्याचा असतो, नाहीतर वाहत्या पाण्यात आडव्या झालेल्या माशाला प्रवाह जो रेटा देतो त्याचा. म्हणून नाजूक तंगुसावरही मोठा मासा येतो, फक्त झटका आणि आडवा प्रवाह या दोन गोष्टी टाळायच्या. आणि त्याचं अंग पाण्याबाहेर तंगुसानं उचलायचं नाही. तिथं मात्र खरं वजन येतं.

पहिला सराव बेळगावात घराच्या परड्यात होतो, त्याला नदी लागत नाही. भंगारवाल्याकडं असतो तसा हुकाचा ताणकाटा (वजन करायचा स्प्रिंगचा काटा) आण. आंब्याच्या नाहीतर फणसाच्या बुंध्याला कमरेच्या उंचीवर बांध, त्याच्या हुकाला तुझं नेहमीचं तंगूस नेहमीच्या गाठीनं बांध, आणि पंधरा-वीस पावलं मागं जा. कुणाला तरी काटा वाचायला बसव. आधी तू माशाला धरतोस तसं धर: काठी उभी, हात वर. समोरचा काटा वाचून सांगेल पाव किलो, फार तर अर्धा. तुला मात्र खांदे भरून येईपर्यंत ओढल्यासारखं वाटत असेल. माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना हा आकडा पहिल्यांदा खोटा वाटतो, आणि ते स्वतः उठून काटा बघायला जातात. मग काठी खाली आण, जमिनीला समांतर, एका बाजूला, आणि कमरेतून वळ. आता वाक काठीच्या शेंड्यातून उतरून मुठीजवळच्या जाड भागात येतो आणि तेवढ्याच श्रमात काटा पाऊण-एक किलोवर जातो. तंगूस तरीही शाबूत. शेवटी मुद्दाम तोड. किती ओढल्यावर तुटतं ते दंडाला एकदा कळलं की नदीवरची भीती निम्मी होते. असंच चार-पाच संध्याकाळी कर, आणि प्रत्येक वेळी झाडाच्या दिशेनं चालत जाऊन दीड मीटरवर उभा राहूनही कर. इतक्या जवळून काट्याची सुई किती फटकन उडते ते बघितलंस की मघाचा माझा मुद्दा पुन्हा सांगावा लागणार नाही.

बाजूनं ओढण्याचा दुसरा फायदा ताकदीपेक्षा मोठा आहे. ट्राउट नेहमी प्रवाहाकडं तोंड करून उभा असतो. तू त्याच्या वरच्या अंगाला उभा राहून सरळ ओढलंस तर गळ तोंडातून पुढच्या दिशेला, म्हणजे बाहेरच ओढला जातो. तू त्याच्या बरोबरीला किंवा थोडा खालच्या अंगाला असशील तर तोच ओढा गळाला मागं, जबड्याच्या कोपऱ्यात घट्ट बसवतो. त्यामुळं मासा लागला की पहिलं काम पायांचं. त्याच्या खालच्या अंगाला जा. तीर्थनसारख्या दगडाळ नदीत हे सोपं नाही, म्हणून फ्लाय टाकायच्या आधीच बघून ठेवायचं की मासा खाली धावला तर मी कुठून चालणार, कुठल्या धोंड्यापाशी थांबणार, आणि जाळं कुठल्या शांत पाण्यात लावणार. ही पाहणी न करता पहिली फेक करणारा माणूस मोठा मासा लागल्यावर जागीच खिळतो.

मासा ज्या बाजूला जाईल त्याच्या उलट बाजूला काठी खाली झुकव. तो डावीकडं वळला, काठी उजवीकडं. तो उजवीकडं वळला, काठी डावीकडं. डोकं वळवलं की अंग आपसूक वळतं, आणि प्रत्येक वळणाला तो दमतो. वरच्या दिशेनं सरळ ओढत राहिलास तर तो तळाशी जाऊन नुसता उभा राहतो, श्वास घेतो आणि ताजा होतो. तुझी सात-आठ मिनिटं बहुधा अशीच गेली. एक अपवाद आहे. मासा नदी आडवी कापून पलीकडच्या काठाला गेला आणि मधल्या वेगवान पाण्यात तुझ्या दोरीचा मोठा झोळ पडला, तर त्या झोळावर पाण्याचा जो ओढा बसतो तेवढ्यानंच तंगूस तुटू शकतं. तेव्हा मात्र हात डोक्याच्या वर नेऊन काठी उंच धरायची, जितकी दोरी पाण्यातून उचलता येईल तितकी उचलायची. तो परत अलीकडं आला की पुन्हा काठी खाली.

पहिल्या धावेबद्दल. मासा धावतोय तर धावू दे. रिळाचा ब्रेक हलका लाव, तंगुसाच्या ताकदीच्या पाव हिश्श्याइतका, आणि जास्तीचा दाब लागेल तेव्हा तळहातानं रिळाच्या कडेवर दे. हात काढून घ्यायला क्षणही लागत नाही, ब्रेकची चकती फिरवायला लागतो. बैलाचा कासरा कसा धरतात ते तुला सांगायला नको: ओढ लागलेली राहते, पण बैलानं मान टाकली की मूठ सैल होते. धाव थांबली त्याच क्षणी दोरी परत घ्यायला लाग. विसावा त्याला द्यायचा नाही. इथं तू कडक हवास, आणि इथंच बहुतेक लोक 'जरा दम खाऊ दे' म्हणून उभे राहतात. दोरी सगळी रिळावर घेण्याची घाई करू नकोस. पायाशी सैल दोरी पडलेली असेल तर ती बोटाखालून दाबत हातानं सोड आणि ओढ. मासा मोठा असेल तर ती सैल दोरी पहिल्या धावेत तोच घेऊन जातो. रीळ फिरवण्याच्या नादात अर्ध्या सेकंदाची ढील पडते आणि बिनकाट्याच्या गळाला (टोकामागचा उलटा दात नसलेल्या) तेवढी पुरते.

बिनकाट्याचा गळ म्हटला म्हणून सांगतो, तोच वापर. पक्कड घेऊन काटा दाबून टाक. काटा नसल्यामुळं मासे सुटतात ही समजूत आपल्याकडं फार घट्ट आहे. ओढ सतत राहिली तर बिनकाट्याचा गळ उलट खोल रुततो, कारण काट्याचा अडथळा नसतो. आणि सोडताना माशाचा जबडा फाटत नाही.

मासा पाण्याबाहेर उडाला तर काठीचा शेंडा लगेच त्याच्या दिशेनं खाली ने. हवेत त्याचं वजन खरं असतं आणि तो ताठ तंगुसावर पडला तर तुटतंच. तो पाण्यात परतला की पुन्हा ओढ. रेनबो आणि ब्राउन या ट्राउटच्या दोन जाती, त्यातला रेनबो हे फार करतो. तीर्थनमध्ये तुला बहुधा ब्राउन लागत असणार, आणि ब्राउनची चाल वेगळी. तो उडण्यापेक्षा खाली जातो, धोंड्याच्या कपारीत, बुडालेल्या ओंडक्याखाली. रेनबोला मोकळी नदी दिली तर चालते. ब्राउनला पहिल्या दहा सेकंदांत त्याच्या घराकडं जाऊ द्यायचं नाही, तंगूस तुटलं तरी बेहत्तर. कपारीत गेल्यावर तसंही ते घासून तुटतंच.

मासा प्रवाहाबरोबर खाली गेला आणि तुला पाठलाग करायला वाटच नाही, अशी वेळ येते. तिथं सरळ ओढून उपयोग नाही, कारण मासा आणि प्रवाह दोन्ही एका बाजूला झालेले असतात. एक उपाय मी बऱ्याचदा यशस्वी होताना पाहिलाय. रिळावरून चार-सहा मीटर दोरी पटकन सोडून द्यायची. प्रवाह तिला माशाच्याही खाली वाहून नेतो, तिचा झोळ पडतो आणि माशाला ओढ खालून जाणवू लागते. मासा ओढीच्या उलट जायला बघतो, म्हणजे वर, तुझ्याकडं. यात गळ सुटण्याचा धोका आहे. पण वाट बंद असताना दुसरं काही करण्यासारखं नसतं, म्हणून जरूर कर.

आता जाळं. एप्रिलमधल्या एका सकाळी तीर्थनवर एका पोराला मासा लागला होता, मी जाळं घेऊन खालच्या अंगाला उभा होतो. बर्फ वितळून येणारं पाणी, गुडघ्याच्या वर चढलं की पाय बधिर होत होते. मासा ब्राउन, सोनेरी पोटाचा, कल्ल्यामागं मोठे काळे ठिपके आणि त्यांच्याभोवती फिकट कडी. तो दोनदा जवळ आला, दोनदा जाळ्याची लाकडी कड बघून वळला. दोन्ही वेळा त्या पोरानं नुसती मूठ उघडली, काठीचा शेंडा एक हात खाली नेला आणि माशाला तीन-चार मीटर जाऊ दिलं. तिसऱ्यांदा मासा कुशीवर आला. डोकं पाण्याच्या वर, तोंड उघडं. मी जाळं पाण्यात बुडवून स्थिर धरलं होतं, त्यानं काठी मागं नेत माशाचं डोकं जाळ्याच्या कडेवरून आत सरकवलं आणि मग मी जाळं उचललं. गळ माशाच्या जबड्यातून जाळ्यातच आपोआप गळून पडला. म्हणजे तो केव्हाचा सैल झालेला होता. एक झटका जरी ताठ हातानं अडवला असता तर मासा गेला असता.

यात घेण्यासारखं एवढंच आहे. जाळं माशाच्या मागं न्यायचं नाही, मासा जाळ्यावर आणायचा. जाळं आधीपासून पाण्यात, स्थिर, शांत पाण्याच्या कडेला. डोक्याकडून घ्यायचं. शेपटीकडून जाळं लावलंस तर त्याला शेपटी लागते आणि तो पुढं उसळतो. डोकं पाण्याच्या वर येत नाही तोवर जाळं हलवायचंच नाही. डोकं वर आलं की माशाला खाली बुडी मारता येत नाही, त्याचं सुकाणूच गेलेलं असतं. आणि जाळं दिसल्यावर तो एकदा तरी पळणारच, हे धरूनच चालायचं. ती शेवटची धाव तू अपयश समजतोस म्हणून मूठ आवळतोस. मूठ उघडी ठेव. मासा तीन मीटर आत येईल तेव्हा ब्रेक एक टिचकी सैल कर, ही सवय लावून घे.

एक बारीक गोष्ट आहे, पण हिच्यामुळं फार मोठे मासे गेलेत. तुझी काठी नऊ फुटी, पुढचं लीडर (जाड दोरी आणि तंगूस यांच्यामधला निमुळता तुकडा) आणि तंगूस मिळून बारा फूट असेल तर मासा जाळ्याशी आणताना जाड दोरी आणि लीडरची गाठ काठीच्या टोकाच्या कडीतून आत जाते. मग मासा वळतो, गाठ कडीत अडकते आणि क्षणात तुटतं. एकटा मासेमारी करत असशील तर लीडर आणि तंगूस मिळून काठीच्या लांबीच्या फार पुढं जाऊ देऊ नकोस. साफ, उथळ पाण्यात लांब लीडर लागतंच, तेव्हा जाळं लांब दांड्याचं घे, नाहीतर बरोबर कुणीतरी हवं.

गाठींबद्दल थोडक्यात. ओढण्याआधी थुंकीनं ओली कर, कोरडी गाठ घासून तापते आणि नायलॉन तिथंच कमजोर होतं. वाऱ्यानं फेकताना तंगुसाला आपोआप पडलेली साधी गाठ दिसली की ते कापून नवं लाव. तसल्या गाठीनं ताकद निम्म्यावर येऊ शकते. दोन-तीन मासे झाले, दगडाला फ्लाय घासली, की शेवटचं वीतभर तंगूस ओठांवरून फिरवून बघ. खरखर लागली की काप. पाणी थोडं गढूळ किंवा वेगाचं असेल तर ५-एक्सऐवजी ४-एक्स लाव, ०.१८ मिलिमीटर, अडीच किलोच्या आसपास सोसणारं. तीर्थनच्या फेसाळ पाण्यात ट्राउटला हा फरक कळत नाही, आणि तुझी झुंज एका मिनिटानं कमी होते.

झुंज लवकर संपवण्यावर मी एवढा भर देतो त्याचं कारण मासा जगला पाहिजे. १९९२ मध्ये कॅनडात फर्ग्युसन आणि टफ्ट्स या दोन संशोधकांनी रेनबो ट्राउटला पुरतं दमेपर्यंत पळवून पाहिलं. नुसत्या दमवलेल्या माशांपैकी १२ टक्के पुढच्या बारा तासांत मेले. दमवल्यावर ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि मिनिटभर हवेत धरलेल्यांपैकी ७२ टक्के. सोडताना हे मासे पोहत निघून जातात, मरतात नंतर, आपल्या डोळ्यांआड. म्हणून फोटोसाठी मासा हातात घेऊन "थांब, अजून एक" म्हणणाऱ्यांना मी नदीवरच टोकतो, राग आला तरी चालेल. हात ओले करून घे, मासा जाळ्यात पाण्यातच ठेव, गळ पक्कडीनं काढ, फोटो काढायचाच तर पाण्यातून उचलून एक श्वास रोखून धरशील तेवढाच वेळ. मग प्रवाहाकडं तोंड करून शेपटीच्या देठाशी हलकं धर, तो स्वतःहून हात सोडवून जाईपर्यंत. पाणी २० अंशांच्या वर गेलं असेल तर त्या दिवशी ट्राउटला गळ लावूच नये. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सावरत नाही.

याच कारणानं आपल्या नद्यांत ट्राउट नाही आणि होणारही नाही. बेळगाव अडीच हजार फुटांवर असलं तरी उन्हाळ्यात मलप्रभा, घटप्रभा, हिरण्यकेशीचं पाणी त्याला सोसणार नाही. दक्षिणेत तो निलगिरीत आणि मुन्नारच्या डोंगरात आहे, इंग्रजांच्या काळात आणून सोडलेला. तेव्हा इथला सराव इथल्याच माशांवर करायचा, आणि त्याला आपला भाग उत्तम आहे.

सगळ्यात चांगली शाळा म्हणजे शेततळं. ओळखीच्या शेतकऱ्याच्या तळ्यात गवत्या, कटला, सायप्रिनस सोडलेले असतील तर विचारून जा. दोन-तीन किलोचा गवत्या पाच नंबरच्या काठीवर लागला की जाळ्यापाशी तो जी उसळी मारतो ती ट्राउटपेक्षा दुप्पट असते. तो दमल्यासारखा कुशीवर येतो, जाळं दिसताच पुन्हा जिवंत होतो, आणि हे तीन-चार वेळा करतो. शेवटच्या काठीभर अंतरात हात मऊ ठेवायला याच्याइतका चांगला शिक्षक नाही. पावाच्या तुकड्यासारखी पांढरी तरंगती फ्लाय, किंवा हिरव्या लोकरीची साधी फ्लाय पुरते. चिलापी छोटी असली तरी बारीक निम्फवर (पाण्याखालच्या किड्यासारख्या फ्लायवर) पटापट लागते, तिच्यावर फ्लाय उचलण्याची वेळ साधण्याचा सराव कर. मनगटाचा हिसडा न देता काठी नुसती उचलायची, एवढंच तिच्याकडून शिकायचं. तळ्याचा मालक मासा खायला ठेवणार असेल तर त्याला दे, तळं त्याचं आहे.

नदीवर खडस, म्हणजे आपला दख्खनचा महाशीर, लागू शकतो. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये शास्त्रीय नोंद केली तो हाच मासा, आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' आहे. खडस लागला तर त्याला तसाच सोड, चर्चा नको. त्याची पहिली धाव तुला रिळावरचा हात शिकवेल. पण ५-एक्सवर त्याच्या मागं लागू नकोस. तुटलेल्या तंगुसासकट गळ तोंडात घेऊन फिरणारा मासा तयार करण्यात काही पुरुषार्थ नाही. सात-आठ नंबरची काठी आणि जाड तंगूस असेल तरच. मृग लागला, पाणी चढलं आणि चढणीचे मासे वर निघाले की मात्र गळ घरी. तेव्हा ते अंडी घालायला जात असतात. आपल्याकडं ओढ्यात, भाताच्या खाचरात चढणीचे मासे धरायची हौस मोठी आहे, आणि मोठे मासे कमी होण्यात तिचा हात आहे हे मी गावात उघड सांगत आलोय.

कुठं जाऊ नये तेही लक्षात ठेव. भीमगड अभयारण्यातल्या ओढ्यांत, म्हादईच्या वरच्या अंगाला, गळ टाकायचा नाही. अभयारण्यात मासा धरायला कायद्यानं बंदी आहे. जांबोटी-कणकुंबीकडं जाताना हद्द कुठं सुरू होते ते वनखात्याच्या नाक्यावर विचारून घे. राकसकोपचं पाणी शहराला प्यायला जातं, तिथं सरावाला जाऊच नकोस. धरणांच्या जलाशयात मासेमारीचा ठेका दिलेला असतो, ठेकेदाराची आणि मत्स्यखात्याची परवानगी आधी.

हिमाचलात ट्राउटला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, म्हणजे तुला मार्चपर्यंत वेळ आहे. पावसाळा सरला की ताणकाट्यापासून सुरू कर, दिवाळीनंतर शेततळ्यावर जा. मार्चमध्ये परवाना काढून तीर्थनवर उतरशील तेव्हा पहिले दोन दिवस ४-एक्सपेक्षा बारीक तंगूस लावू नकोस, आणि बरोबर जो असेल त्याला घड्याळ लावायला सांग. मासा लागल्यापासून जाळ्यात येईपर्यंत चार मिनिटांच्या वर वेळ गेला तर तो कुठं गेला ते त्याच संध्याकाळी लिहून काढ: तळाशी उभा राहिला होता, की तू वरच्या अंगाला अडकला होतास, की जाळ्यापाशी. मला तेवढंच लिहून कळव, पुढचं त्यावरून सांगतो.